दुखतंय पोटात, तरी नाडी बघा

मी आयसीयूत सिस्टर आहे. स्वादुपिंडाला सूज आलेला पेशंट ॲडमिट झाला की नातेवाईक हमखास विचारतात, "सिस्टर, दुखतंय पोटात, मग छातीला ह्या वायरी कशाला?" ड्यूटीवर सविस्तर सांगायला सवड नसते, म्हणून इथे लिहिते.

स्वादुपिंड सुजलं की त्यातले पाचक रस आजूबाजूचीच चरबी पचवायला लागतात. त्यातून सुटलेली आम्लं रक्तातलं कॅल्शियम धरून बसतात. उलट्यांनी पोटॅशियम जातं. दारू पिणाऱ्यांचं मॅग्नेशियम बरेचदा आधीच तळाला गेलेलं असतं. हृदयाचे ठोके लयीत पडायला नेमके हेच तिन्ही क्षार लागतात. त्यात रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपून बीपी उतरतं आणि नाडी पळायला लागते. ठोक्यांवर लक्ष ठेवायलाच त्या छातीच्या वायरी. म्हणून रिपोर्ट आला की फक्त लायपेज (स्वादुपिंडाचा पाचक रस, सुजेत रक्तात वाढतो) किती आलं हे विचारू नका. पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन, बरंचसं कॅल्शियम त्याला चिकटलेलं असतं) धरून काढलेलं कॅल्शियमही विचारा.

आणि हो, ताकद यावी म्हणून चोरून नारळपाणी पाजू नका. ह्या आजारात किडनीवर ताण आलेला असू शकतो. अशा वेळी पोटॅशियम वाढलं तर हृदयाला तेही तितकंच घातक.

घरी असताना वरच्या पोटात जोरात कळ आली, ती पाठीत गेली, पुढे वाकून बसल्यावर जरा बरं वाटलं, तर गॅस म्हणून सोडा पाजत बसू नका. हॉस्पिटल गाठा. तिथे आधी ईसीजी काढतील, तो काढू द्या. हार्ट अटॅकही पोटदुखी होऊन येतो, आणि स्वादुपिंडाच्या सुजेतला ईसीजी कधीकधी अटॅकसारखा दिसतो. ज्यांना आधीपासून एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके बेलय पडायचा आजार) आहे, त्यांच्या अचानक उठलेल्या पोटदुखीत आणखी एक शक्यता असते: हृदयातली गुठळी आतड्याच्या धमनीत अडकणं. त्यातही अमायलेज (स्वादुपिंडाचाच आणखी एक पाचक रस) रक्तात वाढू शकतं, म्हणून गफलत होऊ शकते. "ह्यांना ठोक्यांचा त्रास आहे" हे वाक्य कॅज्युअल्टीत शिरताच सांगा, केसपेपर निघायची वाट बघू नका.

डिस्चार्जनंतर नाडी अशी बघायची. पेशंटला थोडा वेळ शांत बसवा. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, तर्जनी आणि मधलं बोट टेकवा. आपला अंगठा वापरू नका, त्याचीच नाडी लागते. पूर्ण 1 मिनिट मोजा. 15 सेकंद मोजून चारने गुणायची घाई इथे चालत नाही, कारण आकड्याइतकीच लयही बघायची असते: ठोका मध्येच गळतो का, दोन लवकर पडून तिसरा उशिरा येतो का. बसल्या जागी नाडी 100 च्या वर राहत असेल किंवा लय नव्याने बिघडलेली वाटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. चक्कर, दम किंवा छातीत दुखणं असेल तर फोनाफोनी नको, सरळ निघा.

चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या. उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन आणि ठोक्यांसाठीची काही औषधं एकत्र आली की लय बिघडायचा धोका वाढतो. पित्ताचा खडा दुर्बिणीतून काढायचा असेल तर रक्त पातळ करायची गोळी कधी थांबवायची हे डॉक्टर ठरवतील, तुम्ही मनाने बंद करू नका. दारूबद्दल मात्र खरं सांगा. एका रात्रीची जादा पिण्याची बैठकही ठोके बिघडवायला पुरते, आणि "कधीतरी घेतात" ह्यातून आम्हाला काहीच कळत नाही.

घरी जाताना ईसीजीची झेरॉक्स मागून घ्या. मूळ पट्टी थर्मल कागदावर असेल तर ती हळूहळू पुसट होते, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना जुनी पट्टी शेजारी ठेवून बघायची असते.