टेबलावर चालतं, मागावर झोपतं: बूट फर्मवेअर तपासताना या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर आमची जॅकार्ड (नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची) कंट्रोलर कार्डं बसतात. कार्डावर आधी यू-बूट (लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम), त्यावर लिनक्स. गेल्या उन्हाळ्यात एका कारखानदाराचा फोन आला, "साहेब, कार्ड परत झोपलं की वो!" तेच कार्ड आम्ही रात्रभर रिलेने वीज तोडून-जोडून उठवलं होतं. एकदाही अडखळलं नव्हतं.

चूक तिथेच होती. आमची चाचणी दर वेळी वीज तोडूनच सुरू व्हायची. मागावर मात्र शेजारची मोटर सुरू झाली की व्होल्टेज क्षणभर पडायचं. प्रोसेसर रीसेट व्हायचा, पण फ्लॅश चिप (जिच्यात यू-बूट आणि लिनक्स साठवलेलं असतं) जागीच राहायची. चिप ३२ एमबीची. तीन बाइटच्या पत्त्यात १६ एमबीच मावतात, म्हणून आमच्या लिनक्सने तिला चार बाइटच्या मोडमध्ये टाकलेलं. रीसेटनंतर बूटरॉम, म्हणजे प्रोसेसरमधला कायमचा पहिला प्रोग्रॅम, पत्त्याचे तीनच बाइट पाठवतो, चिप चौथ्याची वाट बघते आणि हाती येतो तो कचरा. कन्सोलवर (सिरियल केबलने दिसणाऱ्या संदेशांच्या पडद्यावर) एक अक्षर नाही. यू-बूट सुरूच झालं नाही तर छापणार कोण? वीज काढून लावली की कार्ड ठणठणीत. त्यामुळे परत आलेलं प्रत्येक कार्ड आमच्याकडे 'निर्दोष' ठरायचं. शेवटी चिपची रीसेट पिन प्रोसेसरच्या रीसेटला जोडली. वॉचडॉगने (अडकलेल्या प्रोसेसरला वीज न तोडता रीसेट करणाऱ्या टायमरने) रीसेट करून बघायला पाच मिनिटं लागली असती.

दुसऱ्या टोकाची चूकही आम्हीच केली: कार्डाशिवाय तपासता येईल तेही कार्डावर तपासलं. बूटकाउंट (बूटच्या प्रयत्नांची मोजणी) मर्यादेपलीकडे गेला की जुन्या इमेजवर परतायचं, एन्व्हायर्नमेंटची (यू-बूटच्या साठवलेल्या सेटिंगची) एक प्रत खराब असेल तर दुसरी घ्यायची, हा निव्वळ हिशोब. तो तपासायला खरं कार्ड फ्लॅश करून दर वेळी लिनक्सपर्यंत जाणं म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. यू-बूट सँडबॉक्स म्हणून लॅपटॉपवरच साध्या प्रोग्रॅमसारखं चालतं. तिथे सीआरसीचा (प्रत खराब झाली का ते सांगणाऱ्या पडताळणी-अंकाचा) एक बाइट मुद्दाम बिघडवा, सेकंदात उत्तर मिळतं. कार्डावर हीच चाचणी कधी सैल यूएसबी केबलमुळेही पडते. मग पोरं "परत चालवून बघ" म्हणायला शिकतात, आणि खरी चूक त्यातच निसटते.

'स्टार्टिंग कर्नल' ही ओळ दिसली म्हणून पास धरू नका. ती यू-बूटने कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) उडी मारण्याआधी छापली जाते. लॉगिन येईपर्यंत थांबा.

आणि सिरियल केबल! टेबलावर ती कायम लावलेली असते. कारखान्यात ती निघते, आरएक्स (अक्षरं आत घेणारी) पिन तरंगत राहते, मोटरच्या गोंगाटातून एखादं खोटं अक्षर आत शिरतं आणि यू-बूटला वाटतं कुणीतरी कळ दाबली. ऑटोबूट थांबतं, कार्ड प्रॉम्प्टवर बसून राहतं. बूटडिले (ऑटोबूटआधी कळ दाबली जाण्याची वाट बघायचे सेकंद) शून्य ठेवूनही हे टळत नाही, कारण शून्यालाही कळ एकदा तपासली जाते. उणे दोन ठेवलं तर तपासतच नाही. सोबत पिनला पुल-अप रेझिस्टर (पिन तरंगू न देणारा) लावाच.

आता सँडबॉक्सच्या चाचण्या प्रत्येक बदलावर चालतात. कार्डावर फक्त चार: वीज तोडून, वॉचडॉगने, अपडेट चालू असताना वीज घालवून, आणि केबल काढून. शेवटच्या चाचणीत कन्सोल नसतो, म्हणून कार्ड उठलं की नाही ते नेटवर्कवरून पिंग करून बघतो.