बीपी-शुगर आणि गावचा दवाखाना : या चुका टाळा

सातारा-सांगलीकडे दुखणे अंगावर काढायचे आणि ते असह्य झाले की थेट मिरजेचे किंवा कराडचे मोठे रुग्णालय गाठायचे, ही रीत घरोघरी दिसते. मधली पायरी, म्हणजे गावचे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा घरातल्या सर्वांची प्रकृती जाणणारा जवळचा डॉक्टर, वगळली जाते. उच्च रक्तदाब आणि मधुमेह बहुधा काहीही न दुखता वाढत असल्याने ‘मला काही त्रास नाही’ हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी उपकेंद्राच्या पातळीवर करण्याची सोय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क असल्यामुळे खर्चाची सबब फारशी टिकत नाही. रोजगार बुडण्याची अडचण मात्र खरी आहे. म्हणून ज्यांना गळीत हंगामात फडावर राहावे लागते, त्यांनी हंगामापूर्वीच तपासणी करून पुरेशा गोळ्या सोबत घ्याव्यात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मोजणी ‘नॉर्मल’ आली म्हणून बीपीची गोळी परस्पर बंद करणे. मोजणी नॉर्मल आलेली असते ती गोळीमुळेच. मोजणीतही गफलत होते. एसटीतून उतरून, चहा घेऊन, घाईने पायऱ्या चढून आल्याबरोबर दंडाला पट्टा बांधला तर आकडा फुगतोच. त्याआधी अर्धा तास चहा व तंबाखू टाळावी, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे आणि हात छातीच्या पातळीवर ठेवावा. साखरेचेही तसेच आहे: तपासणीच्या आदल्या दिवशी पथ्य पाळून उपाशीपोटीची साखर कदाचित आटोक्यात दिसेल, परंतु एचबीए१सी ही रक्तचाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते.

गुडघे किंवा कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्महिने खाल्ल्यास रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आधीच बीपी-शुगर असलेल्यांना हा धोका अधिक. अशक्तपणा आला की सलाईनचा आग्रह धरणेही व्यर्थ आहे, कारण त्या बाटलीत मुख्यतः मीठ-पाणी किंवा साखर-पाणी असते आणि अशक्तपणाचे कारण, मग ते रक्तक्षय असो वा मधुमेह, तसेच राहते.

‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला अनेक स्त्रिया मनापासून ‘नाही’ म्हणतात, कारण सकाळची मशेरी त्यांच्या लेखी व्यसन नसतेच. ती भाजलेली तंबाखूच आहे. डॉक्टरांना ती सांगावी आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसल्यास अथवा जखम दोन आठवड्यांत भरून न आल्यास लगेच दाखवावे.

मोठ्या रुग्णालयातून परतल्यावर डिस्चार्ज कार्ड कपाटात न ठेवता, जुन्या-नव्या सर्व गोळ्यांच्या पाकिटांसह गावच्या डॉक्टरांकडे न्यावे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन पाकिटांत औषध एकच असते आणि रुग्ण नेमाने दोन्ही घेत राहतो, असे अनेकदा घडते.