बीआय टूल घेताय? डेमोवर जाऊ नका, आपलीच फाइल लावून बघा

भोसरीतल्या एका अ‍ॅल्युमिनियम डायकास्टिंग कारखान्यात, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून भाग बनवतात तिथे, मी एमआयएस (कामाचे आकडे आणि रिपोर्ट) सांभाळते. बीआय टूल म्हणजे आपल्या डेटातून रिपोर्ट आणि चार्ट बनवणारं सॉफ्टवेअर, पॉवर बीआय हे मायक्रोसॉफ्टचं. ‘आपणही पॉवर बीआय घ्यायचं का?’ असं आजूबाजूच्या युनिटमधली मंडळी वरचेवर विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. ज्याचा प्रश्न त्यालाच, एमआयएसकडे न येता, खरं उत्तर काढता आलं तर घ्या. नाहीतर एक्सेल बरं.

आधी प्रश्न गोळा करा. शिफ्ट सुपरवायझर, क्वालिटी, डिस्पॅच, अकाउंट्स, प्रत्येकाकडून दोन-तीन. ‘प्रॉडक्शनचा डॅशबोर्ड हवा’ हा प्रश्न नव्हे. ‘ब्लो होलचं रिजेक्शन कोणत्या डायवर, कोणत्या कॅव्हिटीत, कोणत्या पाळीत जास्त आहे?’ हा प्रश्न. (डाय म्हणजे साचा, कॅव्हिटी म्हणजे साच्यातला एकेक खाचा, ब्लो होल म्हणजे कास्टिंगमध्ये हवा अडकून राहिलेली पोकळी.) उत्तर मिळाल्यावर कुणी काही वेगळं करणार नसेल, तर तो प्रश्न यादीतून खोडा.

मग विक्रेत्याला बोलवा, पण त्याचा नमुना डेटा उघडू देऊ नका. त्यात प्रत्येक रकाना भरलेला असतो, प्रत्येक तारीख सरळ असते. तुमचं तीन महिन्यांचं प्रॉडक्शन रजिस्टर आणि टॅलीतून काढलेली विक्री, आहे तशी, त्याच्या हातात द्या.

खरी परीक्षा तिसऱ्या पाळीची. पाळी रात्री १० ला सुरू होते आणि सकाळी ६ ला सुटते. सोमवारी रात्री सुरू झालेली पाळी रजिस्टरमध्ये सोमवारचीच, पण मध्यरात्रीनंतर पडलेला माल टूल मंगळवारात टाकतं. मग सुपरवायझरचा आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा रोज वेगळा येतो, आणि आठवड्याभरात तो स्क्रीनकडे बघणं सोडतो. उपाय सोपा आहे. नोंदीच्या वेळेतून ६ तास वजा करायचे आणि मग तारीख काढायची, म्हणजे पूर्ण पाळी सुरू झालेल्या दिवसात बसते. हे एकदाच, डेटा आत येतानाच करता येतं का आणि कोड न लिहिणारा माणूस ते करू शकतो का, हे विक्रेत्याला समोर बसवून करून दाखवायला सांगा. पॉवर बीआयमध्ये हे काम पॉवर क्वेरीत, म्हणजे डेटा आत आणून नीट करायच्या भागात, होतं, आणि पॉवर क्वेरी एक्सेल २०१६ पासून डेटा टॅबमध्येच आहे. म्हणजे एक पैसा न घालता आजच हात बसवता येतो.

दुसरी परीक्षा टक्केवारीची. एका लाइनवर १०,००० पीस, २०० रिजेक्ट, म्हणजे २ टक्के. दुसरीवर ५०० पीस, ५० रिजेक्ट, म्हणजे १० टक्के. रकान्यात टक्केच भरलेले असतील तर टूल त्यांची सरासरी काढून ६ टक्के दाखवेल. खरं रिजेक्शन १०,५०० पैकी २५०, म्हणजे २.४ टक्क्यांच्याही आत. म्हणून टक्के कधी साठवू नका. पीस साठवा आणि भागाकार शेवटी टूलकडून करून घ्या.

आपल्याकडच्या आणखी काही गोष्टी तपासा. एकच गिऱ्हाईक तीन स्पेलिंगने लिहिलेलं असतं, तिथे नावापेक्षा जीएसटी क्रमांकावर जोडणी करा. तो १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. मात्र एकाच राज्यात त्या गिऱ्हाइकाचे दोन प्लांट एकाच क्रमांकावर असू शकतात, तिथे प्लांटचा कोड जोडावा लागतो. पॉवर बीआयचं ‘वर्षारंभापासून आजवर’ हे तयार सूत्र वर्ष ३१ डिसेंबरला संपतं असं धरून चालतं. आपलं ३१ मार्च त्याला वेगळं सांगावं लागतं. आकडे मिलियनमध्ये दिसत असतील तर रक्कम लाखाने भागून वेगळं मोजमाप बनवा. मालकांना लाखातच वाचायचं असतं, आणि ते रास्त आहे.

खर्चाचा हिशेब रिपोर्ट बनवणाऱ्यांवर नको, बघणाऱ्यांवर करा. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, फक्त विंडोजवर चालतं. पण रिपोर्ट वाटायचा म्हटलं की मोठी कपॅसिटी (मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर कंपनीसाठी राखून घेतलेली जागा) विकत घेतलेली नसेल तर बनवणारा आणि बघणारा दोघांनाही प्रो परवाना लागतो. त्याचा दर एप्रिल २०२५ मध्ये माणशी महिना १० डॉलरवरून १४ डॉलर झाला. २० माणसं धरली तर वर्षाला ३,३६० डॉलर. शिवाय प्रोमध्ये डेटा दिवसातून ठरवून ८ वेळाच ताजा होतो, आणि सर्व्हर कारखान्यातच असेल तर गेटवेचा, म्हणजे तिथला डेटा इंटरनेटवरच्या पॉवर बीआयला पोचवणारा, कॉम्प्युटर कायम चालू लागतो. सगळं गूगल शीटमध्ये असेल तर गूगलचाच लुकर स्टुडिओ बघा, २०२२ पर्यंत त्याचं नाव डेटा स्टुडिओ होतं. सर्व्हर सांभाळणारं कुणी घरचं असेल तर ओपन सोर्स मेटाबेस. टॅब्लो चित्रं काढून शोध घ्यायला फार छान आहे, पण रोजच्या पाळीच्या आकड्यांसाठी मी तो घेणार नाही.

दोन टूल उरली की सुपरवायझरकडे द्या. शेजारी बसा, माऊसला हात लावू नका. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुठलंही टूल देतं. मी दुसऱ्या प्रश्नाची वाट बघते: ‘मॅडम, रिजेक्शन कळलं, पण यातलं चार नंबर कॅव्हिटीचं किती?’ हे विचारताना त्याचं बोट आपणहून चार्टमधल्या त्या पट्टीवर गेलं आणि उत्तर रजिस्टरशी जुळलं, तर ते टूल तुमचं. तो माझ्याकडे वळून थांबला, तर नाही. हे मोबाइलवरही करून बघा. मशिनपाशी लॅपटॉप नसतो.

सुरू करण्याआधी व्याख्यांचं एक पान मराठीत लिहा आणि सगळ्या खात्यांच्या सह्या घ्या. रिवर्क होऊन गेलेला पीस रिजेक्शनमध्ये धरायचा का? डाय चढवताना निघालेले सेटिंग पीस? गिऱ्हाइकाकडून परत आलेला माल पाठवला त्या महिन्यात की आला त्या महिन्यात? विक्री जीएसटीसह की वगळून? या पानावरून एकच डेटासेट बांधा. चार्ट कोणीही, कितीही बनवावेत, पण त्याच डेटासेटवरून. नाहीतर मीटिंगमध्ये क्वालिटीचा आकडा आणि प्रॉडक्शनचा आकडा भांडत बसतात आणि कास्टिंगचा विषय निघतच नाही.

पॉवर बीआयमधलं ‘वेबवर प्रसिद्ध करा’ हे बटण बंदच करून ठेवा. त्याने रिपोर्ट ऑफिसात नव्हे, साऱ्या इंटरनेटवर उघडा होतो. गिऱ्हाइकांचे दर त्यातच असतात. कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात हे भूमिकेनुसार ठरवा.

आणि एक गोष्ट मी हट्टाने सांगते: ऑपरेटरच्या नावानिशी रिजेक्शनचा क्रम कारखान्यातल्या टीव्हीवर लावू नका. डाय जुनी, धातूचं तापमान कमी, आणि नाव मात्र माणसाचं. असं झालं की नोंद करणारा हात स्वतःला वाचवायला लागतो. मग टूल कितीही महाग असो, आत येणारा आकडाच खोटा. नावाऐवजी डाय, कॅव्हिटी, मशिन दाखवा.

चालू झाल्यावर दर तिमाहीला वापराची नोंद उघडा. जे पान कुणी बघत नाही ते काढा, पण काढण्याआधी ज्याने मागितलं होतं त्याच्यापाशी जाऊन विचारा. बहुतेकदा त्याला तोच आकडा हवा असतो, पण सकाळी साडेसहाच्या आत, पाळी बदलायच्या वेळी. तेव्हा पान तसंच ठेवा आणि डेटा ताजा व्हायची वेळ त्याआधी आणा.