औषधांना दाद न देणारे नैराश्य : तपासणीला जाण्यापूर्वीची तयारी

महिनोन्महिने गोळ्या घेऊनही नैराश्य हटत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञ सर्वांत आधी एक गोष्ट पडताळून पाहतात, ती म्हणजे औषध खरोखरच पुरेशा मात्रेत आणि पुरेसे दिवस घेतले गेले होते का. सर्वसाधारणपणे, सध्याच्या आजारपणात किमान दोन वेगवेगळी नैराश्यविरोधी औषधे योग्य मात्रेत, प्रत्येकी सुमारे सहा ते आठ आठवडे घेऊनही पुरेसा आराम पडला नसेल, तरच हे नैराश्य उपचारांना दाद देत नाही असे मानले जाते. म्हणून तयारीचा निम्म्याहून अधिक वेळ औषधांचा इतिहास लिहून काढण्यात घालवावा, असे माझे मत आहे. जाडजूड फाईलपेक्षा नीट भरलेले एक पान डॉक्टरांच्या अधिक उपयोगी पडते.

त्या पानावर प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, सुरू आणि बंद केल्याचा महिना, पडलेला फरक आणि बंद करण्याचे कारण लिहावे. आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या सीमाभागात हे वाटते तितके सोपे नसते, कारण एक चिठ्ठी निपाणीच्या डॉक्टरांची, केसपेपर बेळगावच्या सरकारी रुग्णालयाचा आणि मधल्या काळातील उपचार कोल्हापूरचे किंवा मिरजेचे, अशी कागदपत्रे विखुरलेली असतात. त्यातच मेडिकलवाला पाच-सहा गोळ्यांसाठी स्ट्रिप कात्रीने कापून देतो आणि नाव व मात्रा छापलेला भाग नेमका दुकानातच राहतो. अशा वेळी जुनी बिले शोधावीत, नेहमीच्या मेडिकलमध्ये संगणकावरील नोंद मागावी आणि घरातील उरल्यासुरल्या स्ट्रिपा एका पिशवीत भरून तशाच सोबत न्याव्यात. आपल्या उपचारांच्या नोंदी मिळण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला दिलेला आहे, त्यामुळे जुन्या दवाखान्यात त्या मागायला संकोच करू नये.

मात्रा लिहायची ती मिलिग्रॅमसकट. झोपेसाठी किंवा डोकेदुखीसाठी दिलेली १० मिलिग्रॅमची अमिट्रिप्टिलीन म्हणजे नैराश्यावरचा पुरा उपचार नव्हे, आणि क्लोनाझेपामने रात्री झोप लागत असली तरी ते नैराश्यविरोधी औषध नाही. पुष्कळांच्या यादीतून ही दोन नावे वेगळी काढली की खरे उपचार एकदाच, तेही अर्धवट झाले असल्याचे दिसते, आणि तसे दिसले तर ती एका अर्थी चांगलीच बातमी असते, कारण नीट उपचार करून पाहणे अजून बाकीच असते. पंढरीच्या वारीत, उपवासात, ऊसतोडीच्या धांदलीत चुकलेल्या गोळ्या, बरे वाटले म्हणून किंवा वजन वाढले, लैंगिक इच्छा कमी झाली म्हणून परस्पर बंद केलेल्या गोळ्या, हे सारे खरेखरे लिहावे. डॉक्टर रागावतील या भीतीने ते लपवले, तर न घेतलेले औषध निरुपयोगी ठरवले जाते आणि पुढचे जड औषध विनाकारण सुरू होते. मात्र चालू औषध तपासणीपूर्वी आपल्या मनाने थांबवू नये.

दुसरी पडताळणी निदानाची असते. आयुष्यात कधी सलग काही दिवस झोप कमी होऊनही थकवा न जाणवणे, बोलणे व खर्च वाढणे, एकाच वेळी चार धंदे काढण्याचे बेत करणे, असे घडले होते का, हे घरच्यांना विचारून लिहावे. रुग्णाला स्वतःला तो काळ आजाराचा वाटत नाही, म्हणून तो आपणहून सांगत नाही. पण ते द्विध्रुवी विकाराचे, म्हणजे कधी नैराश्य तर कधी अतिउत्साह येणाऱ्या आजाराचे, लक्षण असेल तर उपचारांची दिशाच बदलते. रक्ताच्या नात्यात कोणाला मानसिक आजार होता का, कोणी आत्महत्या केली होती का, हेही लिहावे. दारूचे प्रमाण आडपडदा न ठेवता सांगावे. तंबाखू खाता की बिडी ओढता, हेही स्पष्ट करावे, कारण धुरामुळे ड्युलोक्सेटिनसारख्या काही नैराश्यविरोधी औषधांचे रक्तातील प्रमाण घटते, तंबाखू चघळल्याने तसे होत नाही. क्षयरोगाच्या गोळ्या, स्टेरॉईड, झाडपाल्याची औषधे यांची नावे त्याच पानावर हवीत. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे हे मात्र शेजारी झोपणाऱ्यालाच विचारावे लागते.

थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर यांचे अलीकडचे अहवाल असतील तर न्यावेत. नसतील तर डॉक्टर सांगतील तेवढ्याच तपासण्या कराव्यात.

सोबत एक माहीतगार माणूस असावा, पण काही वेळ एकट्याने बोलू द्यावे, अशी विनंती आधीच करून ठेवावी. कन्नड किंवा इंग्रजीत मन मोकळे होत नसेल, तर मराठी समजणारे डॉक्टर किंवा समुपदेशक मिळतील का, हे नोंदणीच्या वेळीच विचारावे. सुनेच्या मनातले सासूने भाषांतर करून सांगणे, हा दुभाष्याचा सर्वांत वाईट प्रकार आहे. जीव द्यावासा वाटतो का, हा प्रश्न विचारला जाणारच, आणि त्याचे खरे उत्तर देणे हा गुन्हा नाही. असे विचार आत्ताच येत असतील तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. जवळच्या रुग्णालयात जावे किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा, तो दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठी व कन्नड दोन्ही भाषांची सोय आहे. घरातील फवारणीची औषधे आणि गोळ्यांचा साठा त्याच दिवशी दुसऱ्याच्या ताब्यात द्यावा.

ठिकाण निवडताना धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आणि बेळगावचे जिल्हा रुग्णालय आधी विचारात घ्यावे. मिरज-कोल्हापूर भाषेच्या दृष्टीने सोयीचे असले, तरी कर्नाटकातील आरोग्य योजनेचे कार्ड सीमेपलीकडे चालेलच असे नाही, हे फोनवर विचारून मगच एसटीत बसावे. आधार आणि रेशन कार्डाच्या प्रती सोबत ठेवाव्यात.

शेवटी विचारायचे प्रश्न लिहून न्यावेत, कारण समोर बसल्यावर ते आठवत नाहीत. सध्याच्या औषधाची मात्रा वाढवायची, औषध बदलायचे की लिथियमसारखे दुसरे औषध जोडायचे, आणि जोडायचे तर रक्ततपासणी किती दिवसांनी करायची? मानसोपचाराची सत्रे कुठे मिळतील? विजेच्या उपचारांचे (ईसीटी, म्हणजे मेंदूला दिले जाणारे नियंत्रित विजेचे झटके) नाव निघाले तर घाबरून उठू नये. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय ते देण्यास कायद्याने मनाई आहे. त्यांचा फायदा आणि स्मृतीवर होणारा परिणाम दोन्ही समजावून घ्यावेत. नैराश्याची तीव्रता मोजणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घेतली, तर २७ पैकी किती गुण आले ते तारखेसह आपल्या पानावर उतरवावे आणि पुढच्या भेटीची तारीख, तोवर त्रास वाढल्यास कोणाला फोन करायचा, हे बाहेर पडण्यापूर्वी चिठ्ठीवर लिहून घ्यावे.