जुन्या वायरिंगच्या घरात स्मार्ट दिवे: आधी बोर्ड उघडा, मग मागवा

मी पुण्याच्या पेठांमध्ये वायरमनचं काम करतो. सत्तरच्या दशकातल्या सोसायट्या आणि अजून उभे असलेले थोडे वाडे, हेच माझं गिऱ्हाईक. हल्ली फोन येतो तो असा: "स्मार्ट स्विच ऑनलाइन मागवलाय, येऊन बसवून जा." जाऊन बोर्ड उघडावा तर त्या स्विचला जे लागतं ते आत नसतंच. मग परत पाठवा, पैसे अडकवा. म्हणून मागवण्याआधी काय बघायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी न्यूट्रल. फेज म्हणजे वीज आणणारी जिवंत वायर, न्यूट्रल म्हणजे ती परत नेणारी. साधा स्विच फक्त फेज जोडतो आणि तोडतो. त्यामुळे जुन्या वायरिंगमध्ये फेज बोर्डात यायचा आणि न्यूट्रल परस्पर दिव्याला जायचा. तेवढीच वायर वाचायची. स्मार्ट स्विचला मात्र दिवा बंद असतानाही फोनचा हुकूम ऐकायला जागं राहावं लागतं, त्याला स्वतःला थोडी वीज सतत हवी. ती नीट मिळायची तर बोर्डात न्यूट्रल पाहिजे.

आपल्याकडे एक सोय आहे. जुन्या बोर्डावर बहुतेक वेळा पाच अँपिअरचा प्लग असतो, आणि प्लग चालतोय म्हणजे त्या बोर्डात न्यूट्रल आलेला आहे. परदेशी व्हिडिओ बघून लोक महागडा बिनन्यूट्रलचा स्विच मागवतात आणि हॉलच्या बोर्डात न्यूट्रल हाताशी असतो. खरी अडचण एकट्या-दुकट्या स्विचची: जिना, संडास, पलंगाच्या उशाशी लावलेला स्विच.

तिथे तीन वाटा आहेत. पहिली, बिनन्यूट्रलचाच स्विच. हा दिव्यातूनच अगदी बारीक करंट सोडून स्वतःचं भागवतो. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बला त्याचा पत्ताही लागत नसे. नऊ वॅटचा एलईडी मात्र तेवढ्यानं मिणमिणतो किंवा दर काही सेकंदांनी डोळा मारतो. त्यावर उपाय म्हणजे दिव्याशी समांतर जोडायचा छोटा कपॅसिटर. तो स्विचसोबत येतो का ते घेताना विचारा. तो बसतो दिव्याच्या होल्डरपाशी, बोर्डात नाही. ते अनेकजण उलटं करतात. दुसरी वाट म्हणजे शेजारच्या बोर्डातून न्यूट्रल ओढणं. भिंतीवरच्या लाकडी बॅटनपट्टीवरून वायर जात असेल तर हे अर्ध्या तासाचं काम. पण न्यूट्रल त्याच फ्यूजचा हवा. दुसऱ्या फ्यूजचा उसना न्यूट्रल घेतलात तर पुढे कधी त्या फ्यूजवर वेगळा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवला की तो दिवा लावताच ट्रिप होत राहील, आणि त्याहून वाईट म्हणजे एक फ्यूज काढून निर्धास्तपणे काम करणाऱ्याला त्या न्यूट्रलमधून शॉक बसू शकतो. तिसरी वाट मला जुन्या घरात सगळ्यात आवडते. न्यूट्रल बोर्डात नसला तरी दिव्यापाशी असतोच. बोर्डातल्या स्विचच्या दोन वायरी कायमच्या जोडून टाकायच्या, म्हणजे फेज सतत वर जातो, आणि रिले मॉड्यूल, म्हणजे फोनच्या हुकमानं दिवा चालू-बंद करणारं छोटं यंत्र, वर दिव्यापाशीच बंद डबीत बसवायचं. खाली त्याच जागी बॅटरीवरचं बिनतारी, चिकटवायचं बटण. भिंत फोडावी लागत नाही.

आता एक तपासणी जी कोणी करत नाही. बल्ब काढा, स्विच बंद ठेवा आणि वायरमनकडून टेस्टरनं होल्डरच्या दोन्ही पिना तपासून घ्या. एखादी पिन पेटली तर तुमचा स्विच न्यूट्रल तोडतोय, फेज नाही. जुन्या घरांत, विशेषतः तीन-चार जणांचे हात लागलेल्या बोर्डात, हे सर्रास सापडतं. अशा ठिकाणी मॉड्यूल लावण्याआधी फेज-न्यूट्रल जिथे उलटे झालेत तिथे सरळ करा. नाहीतर ॲपवर दिवा बंद दिसेल आणि बल्ब बदलायला गेलेल्याला झटका बसेल.

वायरचं वयही बघावं लागतं. वाड्यांतली सुती वेष्टणाची रबरी वायर बोर्डातून बाहेर ओढून वाकवली की रबर पापडासारखं तुटतं. त्या वायरीला मी मॉड्यूल जोडत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी. सत्तरच्या सुमाराच्या बऱ्याच इमारतींत ॲल्युमिनियमची एकेरी तार आहे. ती दोनदा वाकवली की मोडते, स्क्रूखाली कालांतराने ढिली पडते, आणि मॉड्यूलच्या छोट्या कनेक्टरमध्ये तांब्यासारखी धरत नाही. शंका असेल तर मेगर, म्हणजे वायरीचं वेष्टण किती धड आहे ते मोजणारं मीटर, लावून घ्या. पाचशे व्होल्टवर एक मेगाओमच्या खाली आकडा आला तर स्मार्ट स्विचचे पैसे आधी वायरिंगवर घाला. लाकडी बोर्डाला लोक नाकं मुरडतात, पण आत जागा ऐसपैस असते. पुढच्या काळातल्या भिंतीत गाडलेल्या लोखंडी बॉक्समध्ये चार स्विचच्या मागे वायरींचा असा गुंता असतो की मॉड्यूल कोंबावं लागतं. कोंबू नका, बॉक्स मोठा करा.

इन्व्हर्टर असलेल्या घरात एकाच बोर्डात दोन फेज असतात, एक मेनचा, एक इन्व्हर्टरचा. मेन स्विच खाली ओढला तरी दुसरा जिवंतच. म्हणून काम सुरू करण्याआधी इन्व्हर्टरचं आउटपुटही बंद करायचं आणि बोर्डातली प्रत्येक वायर टेस्टरनं बघायची. वाय-फायचा राउटर इन्व्हर्टरवर घ्या. तो बंद पडला की बरेचसे स्मार्ट दिवे फोनचं ऐकेनासे होतात.

यातलं काहीच उघडायचं नसेल, घर भाड्याचं असेल किंवा वायरिंगवर भरवसाच नसेल, तर स्मार्ट बल्ब घ्या. आपल्याकडे पिनांचा होल्डर असतो, म्हणून बी-२२ लिहिलेला. आट्यांचा ई-२७ उचललात तर बसणार नाही. बल्बची गोम अशी की भिंतीवरचा स्विच कायम चालू लागतो, आणि आजींच्या हाताला सत्तर वर्षांची सवय आहे. त्या बंद करणारच. बॅटरीवरचं बिनतारी बटण स्विचच्या बाजूला चिकटवा आणि जुन्या स्विचवर झाकण लावा. शिवाय ॲपमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं ही सेटिंग शोधून 'आधी होतं तसं' किंवा 'बंद' करा. बऱ्याच बल्बमध्ये ती मुळात 'चालू' असते. पावसाळ्यात पहाटे तीनला लाइट आली की सगळं घर झगमगतं.

पंख्याला दिव्याचा डिमर (प्रकाश कमी-जास्त करणारा) लावू नका, तो गुणगुणतो आणि तापतो. तांब्याच्या चोकची जुनी ट्यूब असेल तर आधी ती चोकसकट काढून एलईडी ट्यूब लावा; चोकच्या झटक्यानं छोट्या रिलेचे संपर्क चिकटतात आणि दिवा बंदच होत नाही.

वाड्याच्या दीड-दोन फूट जाड भिंतीतून वाय-फाय दोन खोल्यांपलीकडे जेमतेम पोचतं. तिथे झिगबी, म्हणजे स्मार्ट उपकरणांची वेगळी बिनतारी पद्धत, बरी, कारण तिच्यात न्यूट्रलवर चालणारं प्रत्येक मॉड्यूल संदेश पुढे ढकलतं. बिनन्यूट्रलची सहसा ढकलत नाहीत, त्यामुळे मधल्या खोलीत निदान एक न्यूट्रलवालं ठेवा.

आणि कोणतंही घ्या, भिंतीवरचं बटण इंटरनेटशिवाय चालतं का ते दुकानात राउटर बंद करून दाखवायला सांगा. सुरुवातीला एकच नग घ्या, गॅलरीच्या दिव्याला लावा आणि एक पावसाळा जाऊ द्या.