काळ्या मातीवरची नॅरोगेज: तीन फुटांच्या फळीवर शकुंतलेचं स्थानक

आपल्या रेल्वेचं छोटं मॉडेल करायला बसलं की पहिली अडचण रुळांच्या रुंदीची येते. जगभर सगळ्यात सहज मिळणारं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. त्याच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. त्याला ८७ ने गुणलं की १,४३५ मिमी येतात. ती झाली युरोप-अमेरिकेतली स्टँडर्ड गेज. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिमीची, ती १:८७ मध्ये १९.३ मिमी व्हायला हवी. त्यामुळे आपलं ब्रॉडगेजचं इंजिन एचओच्या रुळांवर ठेवून समोरून पाहिलं, तर धड रुंद आणि पाय जवळजवळ असं दिसतं. एकदा ते डोळ्यांना खटकलं की खटकतच राहतं.

नॅरोगेजचा हिशोब मात्र जुळतो. ७६२ मिमीला ८७ ने भागा: ८.७६ मिमी. एन हे एचओहून लहान प्रमाण, १:१६०. त्याचा तयार ट्रॅक ९ मिमीचा असतो. फरक फक्त पाव मिलिमीटरचा! म्हणजे माणसं, झाडं, घरं एचओची आणि चाकं-रूळ एनचे घेतले, तर मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला, पाचोरा-जामनेर किंवा जुनी बार्शी लाइट रेल्वे अगदी प्रमाणात उभी राहते. माथेरानला हा हिशोब लागू होत नाही. ती गेज ६१० मिमीची आहे आणि १:८७ मध्ये ७ मिमी येते.

माझं आजोळ शकुंतलेच्या वाटेवरच्या कारंज्याकडचं, म्हणून मी तीच निवडली. खाली जे सांगतो आहे ते ९० सेंमी लांब आणि ३० सेंमी रुंद फळीसाठी आहे. एवढी फळी कपाटावर मावते. घरातली एक खोली रिकामी होईपर्यंत थांबलात तर सुरुवातच होणार नाही.

१. आधी महिना ठरवा

खरेदीच्या आधी कागदावर दोन गोष्टी लिहा: कोणतं साल आणि कोणता महिना. शकुंतलेवर १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं ते झेडडी वर्गाचं इंजिन. त्यानंतर डिझेल आलं. साल ठरलं की इंजिन ठरतं.

महिना ठरला की बाकी सगळंच ठरतं. जुलैत रान हिरवं असतं, नोव्हेंबरात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, बोंडं फुटलेली असतात, मे महिन्यात जमीन भेगाळलेली आणि उघडी पडलेली असते. नवशिक्याचं मॉडेल फसतं ते बहुतेक वेळा इथेच. त्यात गवत पावसाळ्याचं, माती उन्हाळ्याची आणि झाडं कुठल्या तरी परदेशी वसंतातली असतात. वेगवेगळी पाहिली तर प्रत्येक वस्तू चांगली असते, पण एकत्र ठेवल्यावर गाव दिसत नाही. मी जानेवारीचा शेवट धरला. तेव्हा शेवटची वेचणी चालू असते, पानं तपकिरी पडलेली असतात आणि जमिनीला बारीक भेगा यायला लागलेल्या असतात.

२. फळी आणि आखणी

१२ मिमी प्लायवुड घ्या आणि वाकू नये म्हणून खालून दोन इंची पट्ट्यांची चौकट ठोका. वऱ्हाडातली जमीन सपाट असली तरी रूळ शेताच्या पातळीवर टाकू नका. रुळांखाली १० मिमी जाडीची कॉर्क किंवा फोमची पट्टी चिकटवून दोन्ही बाजूंना उतार द्या. १:८७ मध्ये तो ८७ सेंमीचा बांध होतो. एवढ्यानेच रेल्वे वेगळी आणि शेत वेगळं दिसायला लागतं.

मुख्य मार्ग फळीच्या कडेला समांतर ठेवू नका, किंचित तिरका टाका. समांतर रेषा दिसली की डोळा लगेच फळीची कड मोजतो. एक सांधा (गाडी एका लाइनवरून दुसरीवर वळते ती जागा) आणि त्यातून निघणारी मालधक्क्याची एक लाइन पुरे. ९० सेंमी म्हणजे खऱ्या जगात जेमतेम ७८ मीटर, हे विसरू नका. त्यात तीन-चार लाइन कोंबल्या तर लहान स्थानकाचा मोकळेपणाच जातो.

३. रूळ

साधा एन ट्रॅक वापरायचा तर त्याचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) बारीक आणि फार जवळजवळ असतात, कारण ते १:१६० चे असतात. दोन उपाय आहेत. ००९ किंवा एचओई नावाने मिळणारा नॅरोगेजचा फ्लेक्सी, म्हणजे हवा तसा वाकवता येणारा, ट्रॅक घ्या. त्याचे स्लीपर मोठे आणि विरळ असतात, आणि पेको कंपनीचा एक तुकडा ९१४ मिमीचा असल्याने आपल्या फळीला पुरतो. नाहीतर एन ट्रॅकचे काही स्लीपर काढून उरलेले सारखे सरकवून घ्या आणि आइस्क्रीमच्या काड्यांचे तुकडे वरून चिकटवा.

तयार रूळ खऱ्या हलक्या रुळांच्या मानाने उंच असतात. ते कमी करता येत नाही, पण लपवता येतं. रुळाच्या दोन्ही बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवा, वरची धार लगेच पुसून घ्या. चकाकणारी बाजू दिसेनाशी झाली की रूळ निम्मा बारीक वाटतो.

तारा डाग देऊन रुळांनाच जोडा, सांधेपट्ट्यांवर विसंबू नका. एनची इंजिनं १२ व्होल्ट डीसीवर चालतात. नॅरोगेजचं इंजिन आखूड, त्याची चाकं जवळजवळ. सांध्यातलं क्रॉसिंग (रूळ रुळाला छेदतो ती जागा) प्लास्टिकचं असेल तर तिथे वीज न मिळून ते हमखास अडतं, म्हणून सांधा धातूच्या क्रॉसिंगचा घ्या आणि त्याला स्विच लावा. माती टाकण्याआधी निदान आठवडाभर गाडी पुढे-मागे चालवून पाहा. माती चिकटल्यावर चूक शोधणं फार त्रासाचं असतं.

४. माती

इथे घाई करू नका, कारण वऱ्हाड दिसतो तो मातीत. बाजारात मिळणारी रंगीत पूड इथे चालत नाही. काळी माती शेतातूनच आणा, दोन ओंजळी पुरतात. उन्हात वाळवा, जुन्या तव्यावर दहा मिनिटं भाजा म्हणजे किडे आणि बी उरणार नाही. मग कुटून पिठाच्या चाळणीने आणि शेवटी मलमलीतून चाळा.

आता लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून मातीतून चार-पाच वेळा फिरवा. पिशवीला काळी लव चिकटलेली दिसेल. आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली आहे आणि त्या दगडात मॅग्नेटाइटचे कण असतात. इंजिनाच्या मोटरीत चुंबक असतो, तो हे कण ओढून घेतो. हे ठाऊक नव्हतं तेव्हा माझी एक मोटर महिनाभरात जाम झाली. उघडली तर आत हीच लव बसलेली होती.

माती तशीच वापरली तर खोलीतल्या दिव्याखाली डांबरासारखी काळी दिसते, शिवाय फेव्हिकॉल लागल्यावर ती आणखी गडद होते. म्हणून पाव हिस्सा राखाडी दगडाची पूड मिसळा. पुठ्ठ्यावर नमुना करून, पूर्ण वाळू देऊन, मगच प्रमाण पक्कं करा.

भेगा कोरायच्या नाहीत. त्या मातीलाच पाडू द्या. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. आधी फळीवर गुळगुळीत रंगाचा हात द्या. मग मातीत पाणी आणि अगदी थोडा फेव्हिकॉल घालून दाट लापशी करा आणि ती १ ते २ मिमी जाडीने पसरा. वाळताना आपोआप जाळं उमटतं. थर जाड झाला तर भेगा रुंद पडतात. शेतातली ३-४ सेंमीची भेग १:८७ मध्ये अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते, म्हणून थर पातळच हवा. फेव्हिकॉल जास्त झाला तर भेगा पडतच नाहीत. पूर्ण वाळल्यावर पाणीदार फेव्हिकॉल फवारून सगळं पक्कं करा. हे जाळं पहिल्यांदा उमटलेलं पाहिलं तेव्हा मी बराच वेळ फळीपुढून उठलो नाही.

रुळांमध्ये खडी बेताची टाका. अशा लाइनवर खडी मातीत बुडालेली असते आणि मधून गवत उगवलेलं असतं. बारीक चाळलेली खडी कोरडीच ब्रशने बसवा, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घातलेलं पाणी हलकेच फवारा आणि नंतर एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी ड्रॉपरने सोडा. सांध्याच्या हलणाऱ्या पट्ट्यांपासून हात दूर ठेवा.

५. पऱ्हाटी आणि झाडं

पऱ्हाटी सव्वा मीटर उंच धरली तर १४ मिमी होते आणि दोन ओळींत साधारण १ सेंमी अंतर येतं. जुन्या केराच्या झाडूची टोकं कापून त्यांची रोपं करा, त्यांना भुसा आणि तपकिरी-हिरवा रंग द्या. बोंडांसाठी खरा कापूस वापरू नका, त्याचे धागे या प्रमाणात ढगासारखे दिसतात. रव्याला मुंग्या येतात. पांढरी रांगोळी सगळ्यात चांगली, गोंद लावलेल्या टोकांवर चिमटीने सोडायची. शेवटच्या वेचणीला बोंडं तुरळक असतात, तेव्हा हात आवरता घ्या.

बाभळीसाठी विजेच्या वायरीतल्या तांब्याच्या तारा पिळून खोड आणि फांद्या करा. बाभळीचा घेर वरून पसरट, पानं विरळ, आरपार आकाश दिसणारी. कडुनिंब गोल आणि दाट. तो १४ सेंमीपर्यंत उंच करा, म्हणजे खऱ्या मापात १२ मीटर. पानांसाठी रंगवलेला स्पंज मिक्सरमधून काढतात. फलाटावर एकच मोठा निंब ठेवा, सावली त्याच्याच खाली पडू द्या.

६. इमारत, पाटी, माणसं

हल्ली तिथली गाडी बंद आहे, पण जुनी छायाचित्रं पुष्कळ मिळतात. समोरून काढलेल्या छायाचित्रात रुळांमधलं अंतर ७६२ मिमी असतं, हे पक्कं ठाऊक आहे. तीच तुमची मोजपट्टी. त्यावरून इंजिनाची रुंदी-उंची काढा. इमारतीसाठी दार २.१ मीटर धरा, मॉडेलमध्ये २४ मिमी. भिंती १ मिमी पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या पत्र्याच्या करा, पावसाचे ओघळ काळपट रंग पाणीदार करून उमटवा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं छापताना स्थानकाला स्वतःचं नाव द्या. खरं नाव लिहिलंत की प्रत्येक खिडकीचा हिशोब द्यावा लागतो.

माणूस १९ मिमीचा. तयार मिळणाऱ्या एचओ पुतळ्यांच्या टोप्या आणि कोट कटरने तासा, त्यावर टिश्यू पेपरचा एकच पदर पातळ गोंदात भिजवून गुंडाळा, लुगडं होतं. वेचणाऱ्या बाईच्या कमरेला कापसाची ओटी विसरू नका. मालधक्क्याशी एक बैलगाडी उभी करा, बैल सोडलेले. पाच-सहा माणसं भरपूर झाली, दुपारचं नॅरोगेजचं स्थानक तसंही शांतच असायचं.

७. गाडी

एन स्केलच्या छोट्या डिझेलची चॅसी (मोटर आणि चाकांचा सांगाडा) घ्या आणि तिच्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिक पत्र्याची झेडडीएम, म्हणजे नॅरोगेजच्या डिझेल इंजिनाची बॉडी बसवा. वाफेचं इंजिन पहिल्याच प्रयत्नात करू नका, त्याच्या चाकांचे दांडे खूप वेळ खातात. डबे एनच्या बोगींवर (डब्याखालच्या चाकांच्या गाड्यांवर) सहज होतात. अशी सगळी कामं एका जागी पाहायची असतील तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं लघुरेल्वे संग्रहालय जरूर पाहा. १९९८ पासून ते लोकांना खुलं आहे आणि तिथल्या सिग्नलची जागा, दिव्यांची उंची वहीत टिपून आणण्यासारखी आहे.

फळी डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, रुळांची वरची धार फडक्याने पुसा आणि रेग्युलेटर सावकाश फिरवा. ताशी २० किमी धरले तर १:८७ मध्ये गाडी सेकंदाला ६.४ सेंमी जाते, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला १४ सेकंद. हातात घड्याळ घेऊनच वेग लावा. गाडी त्याहून लवकर पोचली तर रेग्युलेटर मागे घ्या.