पहिला अभ्यास सुगरणीवर: पक्षी-संशोधनात येणाऱ्यांसाठी

पक्ष्यांवर संशोधन करायचं म्हणजे एखादा दुर्मीळ पक्षी गाठायचा, असं बऱ्याच विद्यार्थ्यांना वाटतं. माझा सल्ला नेमका उलटा आहे. पहिला अभ्यास घराजवळच्या, भरपूर असलेल्या, रोज दिसणाऱ्या पक्ष्यावर करा. एमएस्सीच्या प्रबंधासाठी मी सुगरण निवडली ती याच कारणाने. विहिरीवर ओणवलेल्या बाभळी आणि त्यांवर लटकलेले खोपे आपल्याकडे गावोगावी सापडतात.

शिवाय या पक्ष्यावरच्या अभ्यासाला आपल्याच मातीतली परंपरा आहे. सालिम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीचं प्रजनन बारकाईने पाहिलं. खोपा विणतो तो नर. खोपा अर्धा झाला, म्हणजे टोपीएवढा आकार आला, की नर त्याला लटकून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येऊन पाहून जाते. तिला पसंत पडला तरच जोडी जमते आणि नर खाली नळी विणून खोपा पुरा करतो. ती अंडी उबवायला बसली की तो दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. हा सगळा क्रम कळायला महागडं यंत्र लागलं नाही. कुठला खोपा कधी सुरू झाला आणि त्याचं पुढे काय झालं, याची रोजची नोंद लागली.

पण नुसतं पाहत राहणं म्हणजे संशोधन नव्हे, प्रश्न हवा. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी १९६३ मध्ये कुठल्याही वर्तनाला विचारायचे चार प्रश्न मांडले, ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते. नर आत्ता का विणतोय, म्हणजे शरीरात काय घडतंय? विणायला तो शिकतो कसा? विणल्याने त्याला फायदा काय? आणि ही सवय त्याच्या वंशात आली कुठून? चौथा प्रश्न एका झाडाखाली बसून सुटत नाही, तिथे अनेक जातींची तुलना लागते. वर्तन-अभ्यासक जॉन क्रुक यांनी १९६४ मध्ये सुगरण कुळातल्या कितीतरी जाती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. जंगलात राहून कीटक खाणाऱ्या जाती बहुतेक एकेकट्या, जोडीने राहणाऱ्या. उघड्या माळावर दाणे टिपणाऱ्या थव्याने राहणाऱ्या, वसाहतीत घरटी करणाऱ्या आणि बहुपत्नीक. अन्न कुठे आणि कसं मिळतं यावरून संसाराची रीत ठरते, हे तिथे मला पहिल्यांदा लख्ख दिसलं.

चांगला प्रश्न तो, ज्याचं उत्तर आपल्या अंदाजाच्या विरुद्ध येऊ शकतं. मादी सुबक विणीचा खोपा निवडत असणार, असं कुणालाही वाटेल. पक्षी-संशोधक सुहेल कादर यांनी हे मोजून तपासलं तेव्हा मादीच्या निवडीत विणकामापेक्षा खोप्याची जागा जास्त वजनदार ठरली. मला हा निष्कर्ष फार आवडतो, कारण कौतुकाने पाहणाऱ्या डोळ्याला तो एरवी सुचलाच नसता.

आता नवख्यांना कुणी वेळेवर सांगत नाही अशी गोष्ट. एका बाभळीवर वीस खोपे असले म्हणजे तुमच्याकडे वीस स्वतंत्र नमुने झाले, असं नाही. त्यांना वारा एक, पाणी एक, साप आणि कावळेही तेच. त्यातले पाच खोपे एकाच नराचे असू शकतात. म्हणून एका झाडावर सगळा हंगाम घालवण्यापेक्षा वेगवेगळ्या विहिरींवरची, ओढ्याकाठची झाडं घ्या. पायात रंगीत कडी नसतील तर नर ओळखू येत नाहीत. मग हिशेब खोप्याचा ठेवा, नराचा नको. झाडाचं चित्र काढा आणि प्रत्येक खोप्याला क्रमांक द्या. संख्याशास्त्र हंगाम संपल्यावर नाही, झाडं निवडण्याआधी शिका.

नोंद जागेवरच करा: तारीख, वेळ, ठिकाण. रानपिंगळ्याची गोष्ट यासाठी प्रत्येकाने लक्षात ठेवावी. १८८४ नंतर हा पक्षी दिसल्याची एकच नोंद होती, ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षी-संग्राहक रिचर्ड माइनर्टझहागेन यांच्या १९१४ च्या नमुन्याची, गुजरातेतली. तो नमुना चोरलेला आणि त्यावरची तारीख-ठिकाणाची चिठ्ठी खोटी, हे उघड झाल्यावर पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती नोंद बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या नोंदींचा माग धरला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला.

परवानगीचं लवकर पाहा. घरट्याला हात लावणं, पक्षी पकडणं किंवा कडी घालणं वनखात्याच्या परवानगीशिवाय चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो विद्यार्थ्यांनाही लागू आहे. दुरून दुर्बिणीने पाहायचं असेल तर शेतमालकाचा होकार सर्वांत महत्त्वाचा. “ताई, रोज तेच ते काय बघता?” असं एका विहिरीवरच्या काकांनी विचारलं, तेव्हा मी त्यांना दुर्बीण दिली. हीच पाखरं त्यांच्या बाजरीवर उतरतात, हे त्यांना ठाऊकच होतं; पिल्लांना मात्र आई किडे भरवते, हे त्यांनी त्या दिवशी स्वतः पाहिलं. पुढे फांद्या छाटायच्या असल्या की ते आधी मला फोन करायचे.

शिक्षणाच्या वाटा आता बऱ्याच आहेत: डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूच्या एनसीबीएसमधली (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) वन्यजीवांची एमएस्सी, कोइम्बतूरजवळचं सालिम अली पक्षी-संशोधन केंद्र, मुंबईची १८८३ पासूनची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी). प्रवेशाआधी एखाद्या प्रकल्पावर क्षेत्र-सहायक म्हणून काम मिळालं तर जरूर करा. पहाटे उठणं, चिखल आणि कंटाळवाणी मोजणी आपल्याला झेपते का, ते तिथे कळतं.

सुगरणीवरच काम करायचं ठरलं तर मे महिन्यातच फिरायला लागा. मागच्या पावसाळ्यातले वाळके खोपे झाडांवर लटकत असतात आणि वसाहत पुष्कळदा त्याच झाडांवर परत बसते. नकाशा करा, मालकांना भेटून घ्या. पाऊस स्थिरावला आणि नरांची डोकी पिवळीधमक झाली की मग सवड मिळत नाही.